नारळीच्या बागेत सुरुंग : गोदावरीच्या मुखाशी गॅस शोधण्याचे दोन हंगाम

चिखलपाय · रविवार, रात्री ९:१२

परवा त्र्यंबकेश्वरच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'राजमहेंद्रीच्या पुढे गोदावरी काय करते कुणास ठाऊक.' मला थोडंफार ठाऊक आहे, म्हणून हा धागा काढतोय.

धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली नदी फुटते. पूर्वेला गौतमी, पश्चिमेला वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून पुढे वैनतेया. मधला त्रिकोण म्हणजे कोनसीमा. इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनचा पहिला बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला, तेव्हापासून इथे कालव्याचं पाणी खेळतंय. भात, नारळ, केळी आणि अलीकडे कोळंबीची तळी. या सगळ्याच्या दोन-तीन किलोमीटर खाली नैसर्गिक वायू आहे. तो नेमका कुठे ते वरून चाचपायचं काम साइस्मिक पार्टीचं, म्हणजे जमिनीत आवाज सोडून खालचे थर शोधणाऱ्या तुकडीचं. मी अशा एका पार्टीत २०११ ते २०१३ असे दोन हंगाम काढले. कंपनी कोणती ते विचारू नका.

(पेपरात 'डी६' म्हणून येतं ते गॅसक्षेत्र समुद्रातलं, खोल पाण्यातलं. तिथे जहाज मागे काही किलोमीटर केबल ओढत सरळ चालत राहतं. ना शेतकरी, ना नारळ. आम्ही त्या लोकांवर जळायचो.)

तत्त्व सोपं आहे. जमिनीत दणका द्यायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणारा आवाज ऐकायचा, जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं. दोन पूर्णांक चार सेकंदांनी परत आला आणि वाटेतला सरासरी वेग सेकंदाला अडीच हजार मीटर धरला, तर थर तीन किलोमीटर खाली. असे हजारो दणके, प्रत्येकाला शेकडो कान. हे कान म्हणजे जिओफोन. आमच्याकडे त्यांना 'जग' म्हणतात. खाली लोखंडी खिळा, आत स्प्रिंगवर कॉइल आणि चुंबक.

पुस्तकात हे सगळं एकाच सपाट जमिनीवर चालतं. आमची एक दहा किलोमीटरची लाईन, म्हणजे दणके आणि कान मांडायची रेघ, सांगतो. सुरुवात भातखाचरात, घोटाभर पाणी. मग नारळीची बाग. मग गाव. मग कालवा, त्याच्या काठाने रस्ता, रस्त्याखाली आधीचीच कुणाची तरी गॅसवाहिनी. मग कोळंबीची तळी, एकाला एक लागून. मग नदीतलं बेट, ज्याला तिकडे 'लंका' म्हणतात. मग नदी. मग मड अडवी, म्हणजे खारफुटी. मग दलदल, आणि शेवटी गुडघाभर पाण्याचा समुद्र, ज्यात जहाज येऊ शकत नाही आणि ट्रक जाऊ शकत नाही. आवाज काढायची आणि ऐकायची पद्धत दर किलोमीटरला बदलायची, आणि शेवटी कागदावर मात असं दिसायला हवं की सगळं एकाच हाताने केलंय.

आधी दणक्याचं सांगतो. राजस्थानात व्हायब्रेटरचे अवजड ट्रक जमीन हलवतात. इथे तो ट्रक उभा केला तर संध्याकाळपर्यंत त्याचं छप्परच दिसेल. म्हणून शॉटहोल. वीस-पंचवीस मीटर खोल, मनगटाहून थोडं जाड भोक, आणि तळाशी दोन-तीन किलो स्फोटक. यंत्र खाचरात नेता येत नाही, म्हणून भोक हातानेच. चौघे आडवा दांडा धरून पाइप गोल फिरवतात, पाचवा पंपाने चिखलपाणी आत सोडतो. मातीचे तुकडे त्या पाण्याबरोबर वर येतात आणि म्होरक्या ते बोटांत चोळून सांगतो, 'वाळू आली.' वाळू आली की सगळ्यांची तोंडं पडतात, कारण पाइप काढला की भोक ढासळतं.

स्फोटक खाली पोचवणं ही आणखी एक डोकेदुखी. नळ्या एकमेकींना पिळून जोडायच्या, डिटोनेटर बसवायचा आणि खाली सोडायचं. पण पातळ चिखलात ते हळूहळू वर तरंगायला लागतं. म्हणून टोकाला नांगर लावावा लागतो, पत्र्याच्या पाकळ्यांचा, भिंतीत रुतून बसणारा. वायर ओढून बघायची. सैल लागली की समजायचं, महाराज वर निघाले.

आता कान. नारळ शांत झाड वाटतं ना? दहा-अकराला समुद्रावरून वारा सुटला की झावळ्या हलतात, खोड हलतं, मुळं हलतात, आणि मुळांजवळ खोचलेला जग ते सगळं इमानदारीने ऐकतो. म्हणजे पहाटे काम करावं. तर पहाटे कोळंबीच्या तळ्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, म्हणून रात्रभर लावलेले पाणी घुसळायचे पंखे तेव्हा पूर्ण जोरात. सूर्य वर आल्यावर ते बंद होतात. म्हणजे पंखे थांबल्यापासून वारा सुटेपर्यंत जे दोन-तीन तास, तेवढेच आमचे. त्यात शाळेची घंटा, टपरीवरचं जनरेटर, म्हैस. लाईन बॉस वॉकीटॉकीवर ओरडत असायचा, 'म्हैस हटवा, म्हैस!'

आणि पाणी. ओडलरेवूजवळ, वैनतेयेच्या मुखाशी एका खाडीत आम्ही ओहोटीत जग लावले. जमिनीवरचेच, कारण पाण्यातले हायड्रोफोन दुसऱ्या टोकाला अडकले होते. भरतीचं कोष्टक काकीनाडा बंदराचं. खाडीत आत भरती उशिरा पोचते, तेवढी मिनिटं मिळवायची असतात. मी वजा केली. म्हणजे पाणी उतरायला लागायची वेळही अलीकडे धरली आणि त्या भरवशावर सकाळी सगळे सुस्त. प्रत्यक्षात पाणी लागलं तेव्हा आम्हाला वाटत होतं की हे उतरतंय. मग ते वाढलं. डॉगहाउसमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या गाडीत, ऑब्झर्व्हर पडद्यावर बघत होता. पश्चिमेकडून एकेक ट्रेस, म्हणजे जगाने ऐकलेल्या आवाजाची वेडीवाकडी रेघ, सरळ व्हायला लागली. त्याने मला एवढंच विचारलं, 'क्या कर दिया?'

पुढचे दोन दिवस एका बागवाल्याच्या हौदावर गोड्या पाण्याने जग धुतले. निम्मे गेलेच. तोपर्यंत त्या पट्ट्याच्या परवानगीची मुदत संपली.

आज एवढंच. विचारा, आठवेल तसं लिहितो.

---

वाचनवेडा · रविवार, रात्री ९:५०

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

उंटावरचा_शहाणा · रविवार, रात्री १०:०५

म्हणजे अब्जावधींचा उद्योग म्हैस हटवण्यावर अवलंबून. देश योग्य हातात आहे. :)

---

नाशिकची_मीरा · रविवार, रात्री १०:३१

मस्त लिहिलंय. प्रश्न बावळट असेल तर हसू नका. नदी आमची, मग गॅस त्यांच्याकडे का? नाशिकला का नाही?

---

चिखलपाय · रविवार, रात्री ११:०२

मीराताई, बावळट अजिबात नाही, याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं.

गॅस व्हायला गाळ लागतो, गाळात सडलेलं झाडपान-शेवाळ लागतं, आणि तो काही किलोमीटर खोल पुरून कोट्यवधी वर्षं शिजावा लागतो. नाशिकला वर सगळा काळा कातळ, लाव्हाचा. नदी डोंगर झिजवते आणि माल खाली नेऊन टाकते. आता लगेच 'आपला माल' म्हणू नका. आज जिथून गॅस निघतो ते पासर्लपूडीचे वाळूचे थर पाच कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीकडे जो लाव्हा वाहिला, त्याचे काही लोट त्या काळच्या नदीखोऱ्यांतून वाहत थेट राजमहेंद्रीपर्यंत गेले. हजारेक किलोमीटर! राजमहेंद्रीजवळ गौरीपट्टणमच्या खाणींत तो कातळ उघडा दिसतो. त्याची रासायनिक जात तपासली तर ती जुळते आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरांशी. हो, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना लागतो तोच आंबेनळी घाट.

कोनसीमेत हा बेसॉल्ट जमिनीखाली खोल आहे. राझोल गावावरून त्याला नाव पडलंय. आणि आम्हाला तो नकोसा व्हायचा. वरच्या मऊ शेलमधून, म्हणजे चिखलाच्या खडकातून, आवाज येतो आणि एकदम या कडक थरावर आपटतो. बराचसा तिथूनच परत. खालच्या जुन्या थरांपर्यंत जे पोचतं ते थोडं, परत येतं ते आणखी थोडं.

---

नाशिकची_मीरा · रविवार, रात्री ११:१०

म्हणजे तुमच्या कामात खोडा आमच्याच दगडाने घातला. बरं वाटलं.

---

वऱ्हाडी_ठसका · सोमवार, सकाळी ७:४०

एवढं स्फोटक गावोगाव घेऊन हिंडता, कोनी इचारत नाही का बाप्पा?

---

चिखलपाय · सोमवार, सकाळी ८:१५

विचारतात ना, आणि विचारणारे तुमच्याच गावचे. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरला. साठ्याचं कोठार, ने-आण करायची गाडी, सगळ्याला परवाना. शॉट उडवणारा परवानाधारक. संध्याकाळी नळ्यांचा आणि डिटोनेटरचा हिशेब जुळल्याशिवाय जेवण नाही. एकदा एक डिटोनेटर कमी भरला आणि साठ माणसं टॉर्च घेऊन खाचरात. पहाटे लक्षात आलं, वहीत एका मिसफायरची नोंद दोनदा झाली होती. त्यावर स्वयंपाक्याने जो उपमा खायला घातला तो अजून आठवतो. विजा चमकायला लागल्या तरी काम बंद, कारण तेव्हा डिटोनेटर विजेवर चालणारा असायचा.

---

अमलापुरमची_सून · सोमवार, दुपारी २:२०

मी मूळची सांगलीची, गेली सोळा वर्षं अमलापुरमला. लेख आवडला, पण दुसरी बाजू पण येऊ दे.

आमच्या सासऱ्यांच्या बागेत एका वर्षी अशीच पार्टी आली होती. तुमचीच असं म्हणत नाही. भोकं पाडली, उडवली, गेले. नारळांची भरपाई दिली, खोटं बोलणार नाही. पण दोन भोकं नुसती वरून माती टाकून बुजवली होती. पावसाळ्यात एक खचलं आणि गाईचा पाय गेला त्यात. आणि हातपंपाचं पाणी खारट झालं. सासरे म्हणतात भोकामुळे, तलाठ्यासारखा जो इकडचा माणूस असतो तो म्हणे तळ्यांमुळे. आम्ही कुणाला पकडायचं?

आणि इथे 'गॅस' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा का येतो ते पण समजून घ्या. पासर्लपूडीची विहीर ८ जानेवारी १९९५ ला पेटली आणि ६५ दिवस जळत होती. सासूबाई सांगतात, त्या दिवसांत रात्री अंगणात कंदील लागायचा नाही, आणि आवाज असा की घरात एकमेकांशी ओरडून बोलायचं. मग २७ जून २०१४ ला नगरमला गॅसवाहिनी फुटली, पहाटे, माणसं झोपेत असताना. वीसहून जास्त गेली. तुमचा शॉट आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कळतं, सासूबाईंना का कळावं?

---

चिखलपाय · सोमवार, रात्री ९:३०

ताई, बरं झालं लिहिलंत.

भोकाचं आधी. नीट बुजवायचं म्हणजे तळापासून, चिकणमाती ठेचून. कारण तिकडे जमिनीखाली पाणी थराथराने असतं. वरच्या वाळूत पावसाचं गोडं, मध्ये चिकणमाती, खाली खारं. भोक त्या चिकणमातीला छेद देतं. ते उघडं राहिलं तर गोडं-खारं एक व्हायची वाट तयार होते. तळ्यांतलं खारं पाणी झिरपतं हेही खरं, हातपंप जास्त उपसला की खालचं खारं वर चढतं हेही खरं. तुमच्या हातपंपाचं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण सासऱ्यांचा संशय हवेतला नाही.

आणि आमच्या पार्टीनेही अशी भोकं सोडली आहेत. हंगाम संपत आला, पावसाचे ढग दिसले की बुजवणारी टोळी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी माणसांची. दिवसाला किती शॉट झाले यावर पैसे मिळतात, किती भोकं बुजली यावर नाही. मी तेव्हा याविरुद्ध काही बोललो नव्हतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरांना तडे जातात का असंही लोक विचारतात : घर, देऊळ, विहीर, वाहिनी, प्रत्येकापासून अंतर ठरलेलं असतं, स्फोटकाच्या वजनाप्रमाणे. घराजवळ कंपन मोजायचं यंत्र ठेवतात. पण आम्ही आकडा कुणाला दाखवायचो नाही. एका म्हाताऱ्या अम्मम्माने तो मागितला होता. यंत्राकडे बोट दाखवून, 'याने काय सांगितलं ते मला लिहून द्या.' परमिट मॅन, म्हणजे परवानग्या काढणारा आमचा माणूस, हसला. लिहून द्यायला काही हरकत नव्हती खरं तर.

एक मात्र गमतीचं. निम्म्या शेतकऱ्यांना आमचं भोक हवं असायचं. ड्रिलिंग चालू असताना येऊन उभे राहायचे, वर आलेलं पाणी चाखायचे, आणि म्हणायचे, 'गोडं आहे, उडवू नका, हातपंप बसवतो.'

---

डेटाकुली · सोमवार, रात्री १०:१५

फील्डवाले चिखलात नाहून मोकळे होतात, मग माल आमच्याकडे येतो. आमचंही थोडं ऐका.

चिखलपाय म्हणाले तसं, जमिनीवर सुरुंग. उथळ पाण्यात मात्र एअरगन. एअरगन म्हणजे दाबाखालची हवा एकदम सोडायची, चौरस इंचाला सुमारे दोन हजार पौंड. सुरुंगाचा आवाज एक ठोसा, एअरगनचा ठोसा आणि मागून बुडबुड्याचे हेलकावे. ऐकणारेही दोन. जिओफोन जमिनीची हालचाल मोजतो, हायड्रोफोन पाण्यातला दाब. एकाच थरावरून आलेला तोच आवाज चार जोड्यांमध्ये चार वेगळ्या आकाराचा दिसतो. किनाऱ्यावर शिवण मारताना ती दिसू नये म्हणून एक पट्टा दोन्ही स्रोतांनी मारून ठेवावा लागतो. त्या पट्ट्यावरून आम्ही गाळणी तयार करतो, एकाला दुसऱ्यासारखं दिसायला लावणारी. हा पट्टा बऱ्याचदा 'वेळ नाही' म्हणून गाळला जातो. मग आम्ही शिव्या देतो.

दुसरं म्हणजे चिखलातला गॅस. खोलवरचा नाही, वरच्या काही मीटरमधला, सडलेल्या पाल्यापाचोळ्याचा. त्याचे बारीक बुडबुडे आवाज पिऊन टाकतात. चिखलात पाणी भरलेलं असेल तर वेग पाण्याइतका, सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास. बुडबुडे आले की वेग धाडकन उतरतो. मग खालचा सपाट थर चित्रात खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो. पार्टीने अपहोल नीट केले असतील, म्हणजे भोकात वेगवेगळ्या खोलीवर छोटे शॉट उडवून वरच्या थराचा वेग मोजला असेल, तर दुरुस्ती जमते. नाहीतर अंदाजपंचे.

गॅस शोधताना गॅसच आडवा येतो, असा प्रकार आहे.

---

दर्यावर्दी · मंगळवार, सकाळी ६:५०

मी काही वर्षं पोर्ट हारकोर्टला होतो, नायजर डेल्टात. तिकडे १९५६ ला ओलोइबिरीला तेल लागलं तेव्हापासून खारफुटीतून लाईनी कापतायत. खारफुटी तोडायची, मुळांची जाळी साफ करायची, माणूस चालेल एवढी वाट. विमानातून खाली बघितलं की हिरव्या गालिच्यावर पट्टीने ओढल्यासारख्या सरळ रेघा, जुन्या, वर्षानुवर्षांच्या. खारफुटी सहजी परत येत नाही. तिच्या जागी नीपाचा ताड घुसतो, जो तिथला नव्हेच. तो आला की खेकडे-मासे कमी झाले, असं कोळी सांगायचे. कोरिंगात, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळच्या खारफुटीत, असं केलं का हो तुम्ही?

---

चिखलपाय · मंगळवार, सकाळी ८:४०

कोरिंगा अभयारण्य आहे, आमच्या लाईनी तिथे नव्हत्या. बाहेरच्या खारफुटीत गेलो. तोडायची परवानगी नव्हती, म्हणून मुळांतून केबल हाताने ओवत न्यायची. चारशे मीटरला अख्खा दिवस. मुळं वर आलेली, बोटांसारखी, त्यावर पाय पडला तर बूट सोडा, टाचही फाटते. स्थानिक मच्छीमार पोरं अनवाणी सरसर जायची आणि आम्ही इंजिनिअर मंडळी कमरेला दोर बांधून.

केबल खेकडे कुरतडायचे, आणि जमिनीवर उंदीर. आता केबल नसलेले नोड आलेत, एकेकटा डबा लावायचा आणि नंतर गोळा करायचा. त्याने खारफुटीला त्रास नक्की कमी होतो. पण डबा बुडाला तर डॉगहाउसला पत्ता लागत नाही, गोळा केल्यावर कळतं. माझ्यासारख्याच्या हातात कोष्टक असेल तर अवघड आहे.

---

उंटावरचा_शहाणा · मंगळवार, दुपारी १:१५

अवांतर : तिकडे 'पुलसा' नावाचा मासा मिळतो, त्यासाठी मंगळसूत्र विकावं अशी म्हण आहे म्हणे. खाल्लात का?

---

अमलापुरमची_सून · मंगळवार, दुपारी १:४०

म्हण खरी आहे. आमच्या घरात मंगळसूत्र शाबूत आहे कारण सासरे शाकाहारी. पुलसा पावसाळ्यात, पुराचं लाल पाणी आलं की समुद्रातून नदीत चढतो. आणि पावसाळ्यात हे लोक सुट्टीवर असतात, त्यामुळे यांनी खाल्ला नसणार.

---

चिखलपाय · मंगळवार, दुपारी २:०५

नाही खाल्ला. हंगाम मे-जूनला संपायचा. आत्रेयपुरमचे पूतरेकुलू (कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची मिठाई) मात्र पोत्याने खाल्लेत.

---

नाशिकची_मीरा · मंगळवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. पण मुख्य गोष्ट राहिलीच. गॅस सापडला का शेवटी?

---

चिखलपाय · मंगळवार, रात्री ९:४५

पार्टीला ते कळत नाही मीराताई. आम्ही टेपा भरून पाठवायच्या. प्रोसेसिंग दुसरीकडे, अर्थ लावणारे तिसरीकडे, विहीर खणायची की नाही ते ठरवणारे चौथीकडे, आणि तोपर्यंत आम्ही पाचव्या राज्यात.

फक्त एकदा, वर्षभराने, दुसऱ्या कामासाठी प्रोसेसिंग सेंटरला गेलो होतो तेव्हा आमच्या लाईनीचा सेक्शन, म्हणजे जमिनीच्या उभ्या छेदाचं चित्र, टेबलावर पसरलेला दिसला. वर बारीक बारीक रेघा, नदीने आणि समुद्राने आळीपाळीने टाकलेल्या. त्याखाली एक जाड, काळाकुट्ट पट्टा, बाजूला पेन्सिलीने 'राझोल'. तुमचा दगड. त्याच्या खाली धुकं.

आणि वैनतेयेच्या जागी वरच्या अर्ध्या सेकंदात एक पांढरं खिंडार. खाली निमुळतं होत गेलेलं, जणू कुणी पाचर मारून काढलंय. नवीन लागलेली एक मुलगी तिथे बसली होती. तिला ती थर तुटल्याची भेग वाटली असावी. तिने खिंडारावर स्केल ठेवून विचारलं, 'सर, तुम्ही फील्डवर होतात ना? इथे फॉल्ट आहे का?'

म्हटलं, आहे. माझा.